आठशे वीस तास

सुलेखाला मी आधी ऐकलं, पाहिलं नंतर. अमेरिकेत बॉथेलला मुलाकडे, गुरुनाथकडे, कायमची राहायला आले त्याच आठवड्यात वरच्या फ्लॅटमधून स्वच्छ मराठी कानावर आलं, "मी आता तुमचं बीपी बघते, हात सैल सोडा." वर डॉक्टरीण राहते अशी समजूत करून घेऊन मी दुखरा गुडघा दाखवायला जिना चढले. दार उघडणाऱ्या मुलीने हसू दाबलं.

"काकू, मी डॉक्टर नाही हो. इंटरप्रिटर आहे, फोनवर. क्लोजेटचं दार उघडं राहिलं वाटतं, सॉरी."

हॉस्पिटलमध्ये इंग्रजी न येणारी मराठी बाई आली की हिला फोन लागे. नोकरी नव्हे, कंत्राटाचं काम; जेवढे तास बोलेल तेवढ्याचेच पैसे. नर्सचं इंग्रजी ही मराठीत सांगे, आणि त्या बाईचं मराठी इंग्रजीत. 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही, 'मी' म्हणूनच बोलायचं, हा त्या कामाचा नियम. कॉलमधलं बाहेर कुणाला सांगायचं नाही, हा दुसरा. म्हणून कपड्यांच्या क्लोजेटमध्ये हँगरखाली खुर्ची टाकून ती दार लावून बसे. दिवसभर दुसऱ्यांचं 'मी' बोलायचं, आणि संध्याकाळी स्वतःचं ऐकायला घरात कुणी नाही. नवरा शैलेंद्र तिकडे दूर दुसऱ्या राज्यात, ईडन प्रेरीला कामाला, तोही कंत्राटावरच, पंधरा दिवसांतून एकदा येणार. माझाही मुलगा नि सून सकाळी सातला बाहेर पडत. दोन एकट्या बायकांची गट्टी जमायला चहा पुरतो.

तिचा गर्भ याआधी दोनदा टिकला नव्हता. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिने आईच्याही आधी मला सांगितलं. मी पडले शहाणी. म्हटलं, "पाच महिने भरेपर्यंत कुठे बोलू नकोस."

"एक फॉर्म भरायचाय, काकू. लीव्हचा. राज्य सरकारचा आहे."

"बाळासाठीच ना? मग लिहूसुद्धा नकोस. कागदालाही दृष्ट लागते."

कागदाला दृष्ट लागते हे मी कुठे ऐकलं होतं कोण जाणे. तोंडाला आलं ते ठोकून दिलं. तिने मान डोलावली आणि लॅपटॉप मिटला.

पाच महिने नीट पार पडले. मग एका दुपारी तिने फॉर्म उघडला आणि तो वाचता वाचता बोटांवर आठवडे मोजायला लागली. नोकरी करणाऱ्या बाईला इथे रजेची वेगळी नोंदणी करावी लागत नाही. स्वतःच्या नावावर काम करणाऱ्या बाईला ती करावी लागते, आणि नोंदणी केल्यानंतर आठशे वीस तास काम भरलं की मगच पगारी रजा. त्याआधी केलेलं काम धरत नाहीत. सुलेखाला आठवड्याला पंचवीस तासांचे कॉल मिळाले म्हणजे डोक्यावरून पाणी.

"बाळ येईपर्यंत पाचशेपण होणार नाहीत," ती म्हणाली.

"आणि पहिल्या महिन्यातच भरला असता तर?"

"तर झाले असते."

एवढंच म्हणून तिने फॉर्म भरला. मला बोल लावला असता तर मी दोन शब्द उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते. तिने लावला नाही.

सई झाली. शैलेंद्र दहा दिवस राहून परत गेला, कारण त्यालाही काम नाही त्या दिवसाचा पगार नाही. सोळाव्या दिवशी सुलेखा क्लोजेटमध्ये जाऊन बसली. राहिलेले तास आता बाळंतीण होऊनच भरायचे होते. मी रोज वर जायला लागले. सई रडली की तिला उचलून बाहेर कॉरिडॉरमध्ये न्यायचं, कारण फोनवर आवाज जाता कामा नये. दोन कॉलच्या मध्ये सुलेखा यायची, गळ्यात हेडसेट तसाच ठेवून तिला पाजायची. फोन वाजला की भुकेलं पोर माझ्याकडे देऊन पुन्हा आत.

एकदा बाहेर आली ती डोळे पुसतच. कॉलमध्ये काय झालं ते सांगणं शक्य नव्हतं. "सकाळपासून माझं बाळ, माझं बाळ म्हणतेय, काकू," ती म्हणाली, "आणि त्यातलं एकही माझं नाही."

त्या दिवशी मी बोलून टाकलं. "हे माझ्यामुळे झालं गं."

सईच्या दुपट्याच्या घड्या करत ती म्हणाली, "तुम्ही नको म्हणाला नसतात तरी मी भरला नसता. आधी दोनदा कॅलेंडरवर तारीख लिहिली होती, दोनदा गेलं."

सईला सातवा महिना लागला तेव्हा तास भरले, रजा मंजूर झाली. बारा आठवडे. पहिल्या सकाळी सवयीने मी वर गेले. सुलेखा न्हाऊन, केस मोकळे सोडून, सईला मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहताच सईने माझ्याकडे झेप घेतली. आईने धरून ठेवलं तशी किंचाळायला लागली. मी घेतलं, आणि त्याच क्षणी गप्प.

"तुम्हीच सवयीच्या आहात ना तिच्या," सुलेखा हसून म्हणाली. "नॅचरल आहे." मग चहा ठेवते म्हणून आत गेली. बराच वेळ नळ वाहत राहिला, भांडं काही वाजलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा मी सईला तिच्या हातात दिलं. म्हटलं, सुनेचं काम निघालंय, आता थोडे दिवस जमायचं नाही. सई रडत होती. मी मागे न बघता खाली आले.

तीन दिवस ते रडणं छतातून येत होतं. मी टीव्हीचा आवाज वाढवून बसले. हजारदा वाटलं, एकदाच जाऊन यावं. गेले नाही. चौथ्या दिवशी वरून आलं ते सईचं हसणं, खळखळून, आणि त्यात मिसळलेलं सुलेखाचं. मला हवं होतं तेच झालं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.