गळ्यावरचे वळ

आमच्या गल्लीत फोटो स्टुडिओवाल्यांना सगळे मामा म्हणतात. खरं तर ते मामा एकाच मुलीचे. पण ती लहानपणी शाळेतून येताना कोपऱ्यापासूनच हाका मारत यायची आणि ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. बहीण गेल्यावर या भाचीला त्यांनीच वाढवलं. माझं चपलांचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे ते खोकले तरी मला ऐकू येतं.

मामांकडे पासपोर्टचा फोटो काढायला आलेला माणूस बाहेर पडताना स्वतःच्याच प्रेमात पडलेला असायचा. मुरूम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, दाढी करताना कापलेलं, सगळं ते कॉम्प्युटरवर बसून पुसून टाकत. लग्नाळू पोरापोरींचं त्यांनी किती भलं केलं असेल आणि समोरच्या मंडळींची किती फसवणूक, त्याचा हिशेब नाही. मी असं म्हटलं की ते गालात हसत. गेलेल्या माणसाच्या फोटोच्या वेळी मात्र थट्टा चालायची नाही. घरच्यांकडे बहुतेकदा दवाखान्यातलाच फोटो असायचा, नाकात नळी, ओठ सुकलेले. मामा नळी काढत, ओठांवर रंग आणत, चेहऱ्यावरचा त्रास घालवत. घरच्यांना रोज बघायचा असतो, म्हणायचे.

भाची वेगळ्याच मातीची. दिवसा विम्याच्या कचेरीत नोकरी आणि उरलेल्या वेळात ब्लॉग. कुणाला पोलिसांनी उचललं, कुणाला कोठडीत मारलं, हे ती नावानिशी लिहायची. अख्खी गल्ली ते फोनवर चोरून वाचायची आणि विचारलं तर ब्लॉग म्हणजे काय असतं बुवा, असा चेहरा करायची. खरंच वाचत नव्हते ते फक्त मामा. भाचीनेच त्यांना बजावलं होतं, की उद्या कुणी विचारलं तर मला काही ठाऊक नाही असं तुला खरं बोलून सांगता आलं पाहिजे. मामांना खोटं बोलता येत नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात मोर्चातून एका तरुण हमालाला पोलिसांनी उचललं. परत आलं ते त्याचं प्रेत. हृदय बंद पडलं म्हणे. पोलिसांनीच घाईघाईने अंत्यविधी उरकला. त्याआधी आईला घटकाभर चेहरा बघू दिला, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या भाचीने फोनवर एक फोटो काढला. गळ्यावर दोरीचे निळे वळ, एक गाल सुजलेला. दुसरा पुरावा जगात नव्हता.

दुपारी ती धापा टाकत स्टुडिओत आली. फोन कधीही जप्त होईल म्हणून फोटो मामांच्या कॉम्प्युटरवर घेतला आणि फोनमधून काढून टाकला. तिथेच बसून मेलमध्ये मजकूर लिहिला. त्या पत्त्यावर मेल गेली की ती आपोआप ब्लॉगवर चढायची, अशी तिने सोय केलेली होती. पण हे तिने मामांना सांगितलं नाही. फोटो अंधारात काढलाय, उजेड वाढव, मेलला जोड आणि पाठवून दे, मजकूर वाचू नकोस, एवढंच म्हणाली. मामांनी मुलगा कोण म्हणून विचारलं. एका बाईचा एकुलता एक होता, गेला, असं सांगून ती त्या बाईला वकिलाकडे न्यायला निघाली. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभीच होती. तिला आत कोंबताना मी पाहिलं आणि पुढे जाण्याऐवजी शटर अर्धं खाली ओढलं.

इकडे मामा कामाला लागले होते. उजेड वाढवला. मग एका आईचा मुलगा गेलाय, या विचाराने हात पुढे चालत राहिला. गालाची सूज उतरवली, गळा स्वच्छ केला, कपाळावरची आठी मोडली. कॉम्प्युटर जुना, जागा कमी, म्हणून मामा एका फोटोच्या दोन प्रती कधी ठेवत नसत. मूळ फोटोवरच सेव्ह केलं, मेलला जोडलं, पाठवलं आणि चहा सांगितला.

संध्याकाळी ब्लॉगवर मजकूर आला, गळ्यावरचे वळ नीट बघा. खाली गाढ झोपलेला एक देखणा मुलगा. दुसऱ्या दिवशी एका बड्या अधिकाऱ्याने तो फोटो टीव्हीवर दाखवला आणि हसत विचारलं, कुठे आहेत वळ? चोरून वाचणारी आमची गल्लीही त्याच्याबरोबर हसली. अजून आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अफवा पसरवल्या आणि सरकारची बदनामी केली, असा भाचीवर खटला भरला.

एकट्या आईच्या शब्दाला कोर्टात किंमत नव्हती, त्यामुळे आता तिला सोडवणारे एकटे मामाच होते. कोर्टात त्यांनी जे केलं ते जसंच्या तसं सांगितलं. सरकारी वकील फार अदबीने बोलत होता.

"म्हणजे फोटोत फेरफार करणं हा तुमचा धंदाच आहे?"

मामा हो म्हणाले.

"मग मुळात वळ होते, हे आम्ही कशावरून मानायचं?"

"मी माझ्या हाताने पुसलेत, साहेब."

ते वाक्य टिपून घेतलं गेलं, फेरफाराची कबुली म्हणून. भाचीला चार वर्षांची शिक्षा झाली. मामांना सोडून दिलं. सरकारची त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती, सरकारचं काम त्यांनी फुकटात करून दिलं होतं. पोलीस तिला घेऊन जाताना ती मामांपाशी क्षणभर थांबली.

"माझंच चुकलं, मामा. तुला वाचू द्यायला हवं होतं."

मला वाटतं, तिने शिव्या दिल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात त्या मुलाची आई स्टुडिओत आली. मी तिथेच बसलो होतो. मामा उठून उभे राहिले, मार खायला उभं राहावं तसे. बाईने पिशवीतून घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं. त्यात तो फोटो छापून आला होता. मुलगा मोठा झाल्यावरचा तिच्याकडे एकही फोटो नव्हता. हा मोठा करून द्याल का, तिने विचारलं.

"ताई, हा खोटा आहे," मामा कसेबसे म्हणाले.

"ठाऊक आहे. खरा मी पाहिलाय ना. तो डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून तर हा मागतेय."

मामांनी कॉम्प्युटर सुरू केला. बाई मागे उभी राहून बघत होती. छपाई झाल्यावर त्यांनी कागद दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. फोटो नेहमीसारखाच सुंदर आला होता.