माकुणसारला मी खोटं सांगायला गेलो होतो

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. वार्ताहर होतो ना… पुरावा नाही तर बातमी नाही, ही सवयच. तरीही हे लिहितोय.

पासष्टच्या लढाईत मुंबईच्या एका दैनिकानं मला आघाडीवर पाठवलं होतं. तिथे माकुणसारचा जनार्दन नावाचा जखमी जवान माझ्यासमोर गेला. मरताना त्यानं देशाचं नाव घेतलं, असं मी छापलं. बातमी गाजली. पुढे नोकरी सोडून त्याच्यावर कादंबरी लिहिली – तीही गाजली. मग बोईसरजवळ घिवलीला खोली घेऊन चित्रं काढत बसलो.

खरं म्हणजे जनार्दननं पाणी मागितलं होतं. "देतो हं," म्हणालो आणि हातातलं वाक्य पुरं करत राहिलो. मान वर केली तेव्हा तो गेला होता. तिथे आम्ही दोघंच होतो… हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

घिवलीला आल्यावर दोन वर्षांनी राहवेना. बोईसरहून गाडीनं सफाळ्याला उतरलो आणि चालत माकुणसारला त्याच्या आईकडे गेलो. काय सांगायचं ते ठरलेलं होतं – कादंबरीतलंच.

म्हातारी अंगणात झावळ्या विणत होती. मी नावही सांगितलं नव्हतं, तोच तिनं वर पाहिलं.

"तूच ना रे तो लिवणारा?"

"हो आई. जनार्दन शेवटी म्हणाला–"

"पानी म्हनाला. ठावं हाय मला. तुजी पेन्सिल मोडली, तू ती तासत बसलास."

पेन्सिल खरंच मोडली होती. मी ब्लेडनं तिला टोक काढलं होतं… हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यानंच. त्याच दुपारी आला, हितं बसून तांब्याभर पानी प्यायला नि गेला. तार मागून आली. तुज्यावर रागावला नव्हता हां."

मी तिच्या पायाशी बसून रडलो. माफी मागितली. माझ्या पिशवीतले चित्रांचे कागद तिच्या नजरेस पडले.

"चित्रं काढतोस? त्याचा फोटो नाय आमच्याकडं. शेवटचा तूच बघितलास. तेवढं तोंड काढून दे."

कागद मांडीवर घेतला. काहीच उमटेना… त्या दुपारी मी वहीकडेच बघत होतो.

ती मात्र उन्हं उतरेपर्यंत माझ्यासमोर बसून होती.

"आठव सावकाश," म्हणत होती. "मी हाय हितंच."