काठ्यांची मतं

मुनिमाने माझी काठी पायाने ढकलली. जोड्याच्या टोकाने. हात लावला असता तर त्याला अंघोळ करावी लागली असती.

आमची पेठ अमरावतीच्या कोटाबाहेरची. शहराचा कारभार पाहणाऱ्या कमिटीतला पेठेचा पंच मेला होता. रिकाम्या जागेवर कोणाला बसवायचं ते पेठेतल्या लोकांनीच सांगावं, असा इंग्रज साहेबाचा हुकूम आला. घरामागे एक मत. दोघे उभे होते. एक कापसाचा अडत्या शेठ, दुसरा भाजी पिकवणारा माळी. शेठ निवडून आला तर आमच्या वस्तीची विहीर त्याच्या कापसाच्या आवारात जाणार, हे त्याने लपवलंही नव्हतं. सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस अडला म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि शेठला गाड्या सोडायला जागा पुरत नव्हती. आमची तेवढी एकच विहीर. दुसऱ्या कुठल्याच पाणवठ्यावर आम्हाला पाय ठेवू देत नसत.

आम्ही महार. मी त्याच शेठकडे कामाला. उंच पोत्यात उतरायचं आणि पोतं टच्च भरेपर्यंत कापूस तुडवायचा. आमच्या पायाखालचा कापूस विलायतेला चालत होता. आमचे पाय चावडीच्या आवारात चालत नव्हते.

तरी मतं द्यायला चावडीवर निघालो त्या दिवशी आम्ही खुळ्यासारखे खुशीत होतो. साहेबाने मतांसाठी आमचीही घरं धरली होती. आम्ही धोतरं धुतली, काठ्यांना तेल लावलं. महाराची काठी म्हणजे महार, ही जुनी रीत. चावडीच्या हजेरीला काठी दारात ठेवली की माणूस आला असं धरायचे. म्हणून शेठचा मुनीम म्हणाला, "काठ्या ठेवा अन् बाहीर लिंबाखाली बसा," तेव्हा कोणालाच वावगं वाटलं नाही. मलाही नाही. याची चीड मला आजही येते.

बाहेरून सगळं दिसत होतं. पेठेतले लोक एकेक करून कारकुनापुढे जात आणि तोंडाने नाव सांगत. आमची पाळी आली तेव्हा कोणी हाक मारली नाही. मुनिमाने सगळ्या काठ्या शेठच्या बाजूला सारल्या आणि कारकून त्या शेठची मतं म्हणून मोजायला लागला.

बापाचं घर वेगळं, त्याचीही काठी आत होती. मी त्याला म्हणालो, "बा, आपल्याले इचारलंच नाई."

"इचारून काय करतीन? आपलं पोट त्याच्यापाशी हाय."

"अन् पाणी?"

बापाने माझ्या धोतराचा सोगा मुठीत धरला. घट्ट. उठलो तर काम जाणार होतं. बसून राहिलो तर मीच माझी विहीर शेठला देत होतो. सोगा हिसकला आणि आत गेलो.

सगळे अंग चोरून बाजूला झाले. ढिगातून मी माझी काठी काढली.

शेठ ओट्यावर बसला होता. आवाज न चढवता म्हणाला, "कावून बे, मस्ती आली का?"

"मत द्याले आलो, मायबाप. आमची विहीर घेनाऱ्याले माहं मत नाई. माळ्याचं नाव लिवा."

कारकुनाने शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाला, "काठी उचलली, मत गेलं. लिवू नका." कारकुनाने लेखणी खाली ठेवली. माळी तिथेच उभा होता. मी जवळून गेलो तेव्हा त्यानेही धोतर आवरून घेतलं.

शेठ निवडून आला. माझं काम सुटलं. विहिरीला काट्यांचं कुंपण पडलं आणि आमच्या बाया नाल्यात झरे उकरायला लागल्या. वस्ती म्हणाली, तुझ्यामुळे झालं. बापही तेच म्हणाला. ते फार लागलं. विहीर त्यांच्याच काठ्यांनी दिली होती, पण त्यांना हे सांगायचं कसं? आणि मी जाणार तरी कुठे? अकोल्याला गेलो असतो तरी तिथेही असाच शेठ होता, अशीच चावडी होती.

चार घोट गढूळ पाण्यासाठी बायको अर्धा दिवस घालवून आली, तेव्हा मी घागर उचलली. बाप दारात आडवा झाला.

"मारतीन ते तुले."

"मारू दे. विहीर आपली हाय."

त्याला बाजूला केलं. भर उन्हात, सगळ्या पेठेच्या देखत, मी कुंपणाकडे चालू लागलो. आता मी कोणी विचारायची वाट पाहणार नव्हतो.