साहेबाच्या टीमचं पंचांग

इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. तेही दर सोमवारी, सकाळी सव्वासहाला, कुवेतच्या थर्टी नंबरच्या रस्त्यावर गाडी चालवताना.

त्याचं असं झालं. आमचा साहेब अमेरिकन. मीना अल-अहमदीच्या तेल रिफायनरीच्या बाजूला आमच्या कंत्राटदार कंपनीचं ऑफिस आहे. तिथे तो प्रोजेक्ट मॅनेजर आणि मी डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे दिवसभर ड्रॉइंगांवर शिक्के मारत बसणारी बाई. ऑगस्टात त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने गाडी चालवायला बंदी घातली. मी खैतानहून निघते, तो मंगफला राहतो, वाटेतच. "मॅडम, मला पिकअप कराल का?" त्याने विचारलं. साहेबाला नाही कसं म्हणायचं? गुडघा नोव्हेंबरातच बरा झाला होता, पण आयता ड्रायव्हर हातचा जाईल म्हणून त्याने ते कुणाला सांगितलं नाही. लबाड मेला.

सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी गाडीत बसतानाच त्याने मला दम भरला. "आजपासून सोमवारी सकाळी फुटबॉलबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

मी कशाला बोलतेय फुटबॉलबद्दल? मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग त्यानेच सांगितलं. त्याच्या गावची टीम तिकडे रविवारी दुपारी खेळते, तेव्हा आपल्याकडे रात्र असते. साहेब नऊला झोपतो. मॅच रेकॉर्ड करून ठेवतो आणि सोमवारी ऑफिसातून गेल्यावर बघतो. तोवर निकाल कानावर पडता कामा नये. फोनवरच्या बातम्या बंद. त्याच्या म्हाताऱ्या बापालासुद्धा सोमवार संध्याकाळपर्यंत फोन करायची बंदी.

आता मला सांगा, एखादी गोष्ट बघू नका म्हटलं की बघायची इच्छा होते की नाही? दुसऱ्या सोमवारी चहाला आधण ठेवलं आणि फोनवर शोधलं. साहेबाची टीम सलग दुसऱ्यांदा हरली होती. थोडी मॅचही बघितली. फुटबॉल म्हणतात, पण पाय क्वचितच लावतात. बॉल काखेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर उड्या टाकायच्या. दर दोन मिनिटांनी खेळ थांबवून चर्चा. आमच्या सोसायटीच्या मीटिंगा याहून वेगाने चालायच्या.

साहेब शीळ घालत गाडीत बसला. "काय मॅडम, काय वाटतं? आज जिंकतील?"

मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी चेहरा गंभीर केला आणि म्हटलं, "कठीण आहे सर. आमच्याकडे पितृपंधरवडा चालू आहे. या पंधरा दिवसांत आम्ही नवी साडीसुद्धा घेत नाही. जिंकायचं कसलं?"

मंगळवारी साहेब गाडीत बसला तो माझ्याकडे बघतच राहिला. "हरले," म्हणाला. "पुढचा सोमवार कसा आहे?"

पुढच्या सोमवारी घट बसणार होते. सकाळी फोन बघितला, टीम दणक्यात जिंकलेली. "आज आमची देवी बसते," मी म्हटलं, "सर, आज पोटभर जेवून मॅच बघा." झालं! तेव्हापासून साहेब माझ्या मुठीत. निकाल मी कधी सरळ सांगत नसे, तेवढी अक्कल होती. एकादशीला म्हणायचे, आज उपास आहे, पॉइंट जास्त होणार नाहीत. संकष्टीला म्हणायचे, चंद्रोदयापर्यंत धीर धरा, शेवटच्या पाच मिनिटांत फळ मिळेल. साहेबाने शंका काढली, "पण मॅडम, मॅच तिकडे रविवारी असते. तिथी तिकडची धरायची की कुवेतची?" मी तोंडावर ठोकून दिलं, "बघणारा जिथे असेल तिथली." आता साहेब तिथी विचारून जेवायचं काय ते ठरवू लागला.

घरी मी हे हसत हसत सांगितलं, तर आमचे हे चिडले. यांचं भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवाचून पान हलत नाही. कुवेतमध्ये राहून बावीस वर्षांत एक चतुर्थी चुकवलेली नाही. "तिथीचा खेळ मांडलायस तू," म्हणाले. "अंगाशी येईल."

एकदा आलंच होतं. ऑक्टोबरात एका सोमवारी दूध उतू गेलं, ओटा पुसता पुसता उशीर झाला आणि फोन बघायचाच राहिला. साहेबाने विचारलं, तशी मी बेधडक म्हटलं, "आज जिंकणार, नक्की." साहेब म्हणाला, "या आठवड्यात त्यांना सुट्टी आहे, मॅचच नाही."  मी म्हटलं, "मग बरोबरच आहे की. हरले का? नाही ना?" साहेबाने दोन मिनिटं विचार केला आणि मान डोलावली. काय सांगू, हसू दाबता दाबता माझी लेन चुकली आणि मागच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले.

पितृपंधरवडा म्हणजे काय, हेही त्याने खोदून खोदून विचारलं होतं. वाडवडिलांचे दिवस, असं मी सांगितलं. तर म्हणाला, माझा बाप तर जिवंत आहे, नव्वदीचा. मग बापाच्या गोष्टी सुरू झाल्या. बर्फात, अंगावर तीन कोट चढवून, चाळीस-पन्नास वर्षं हा बाप टीमच्या प्रत्येक मॅचला मैदानात बसला. टीम एकदाही शेवटची मॅच, म्हणजे फायनल, जिंकली नाही. आता घरून बघतो. निकाल आधी कळतो, पण सोमवार संध्याकाळी पोराचा फोन येईपर्यंत पोटात ठेवतो. "त्याला एकदा जिंकलेली बघायचीय," साहेब म्हणाला, "मग मरायला मोकळा, असं म्हणतो."

डिसेंबर संपेपर्यंत टीमने असा जोर धरला की मलाच घाम फुटला. जानेवारीत बाद फेरी सुरू झाली. हरला की घरी, असा मामला. पहिली जिंकले. दुसरी जिंकले. तिसरीच्या सोमवारी मी फोन उघडला, तर शेवटच्या सेकंदाला किक मारून जिंकले होते. स्वयंपाकघरात मी एकटीच ओरडले. आता फक्त शेवटची मॅच, तीही दोन आठवड्यांनी.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, साहेब गाडीत बसला आणि पट्टा लावायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, मला आजच उत्तर हवंय."

"कसलं?"

"फायनलचं."

बाप हॉस्पिटलात होता. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणतात काही आठवडे किंवा काही महिने, कुणी सांगू शकत नाही. फेब्रुवारीत प्लांटचा शटडाऊन होता. सगळा प्लांट थांबवून दुरुस्ती करायची, त्यात मॅनेजरला सुट्टी मागणं म्हणजे मोठा कारभार. मिळाली तर एकदाच मिळणार. त्याची सुट्टी एप्रिलची ठरलेली होती. "जिंकणार असतील तर मला त्याच्या शेजारी बसून बघायचंय," साहेब म्हणाला. "हरणार असतील तर त्याचं तोंड मला बघवणार नाही. मग एप्रिललाच जातो. तुम्ही आजवर एकदाही चुकला नाहीत. त्या दिवशीची तिथी बघा."

 मी म्हटलं, उद्या सांगते.

घरी यांना सांगितलं. वाटलं होतं, बोलतील. ते ताटावर बसून भात कालवत राहिले. मग म्हणाले, "उद्या सरळ सांगून टाक. माफी माग. माणसाच्या बापाचा प्रश्न आहे."

बरोबरच होतं त्यांचं. सकाळी मी तसंच ठरवून निघाले. मंगफला साहेब फुटपाथवर उभा होता, नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी आलेला, दाढीसुद्धा न केलेला. गाडीत बसला. मी तोंड उघडलं ते "सॉरी" म्हणायला. आणि मला माझे वडील दिसले. ते गेले तेव्हा मी याच ऑफिसात होते. सुट्टी मागितली होती, पण पुढच्या महिन्यात, मुलीची परीक्षा झाल्यावर. पुढचा महिना आला तेव्हा बघायला कुणी नव्हतं. मला माझा इतका राग आला, इतका राग आला की मी गिअरच चुकीचा टाकला.

"जा," मी म्हटलं. "जिंकणार आहेत. तिथी चांगली आहे. आजच अर्ज टाका."

साहेबाने अर्ज टाकला. वरचे लोक चिडले, पण सुट्टी मिळाली. तो गेला.

फायनलच्या दिवशी पहाटे आमचे हे आणि मी दोघंही फोनसमोर बसलो होतो. हे म्हणे, मी नुसता सोबतीला. पण यांनीच देव पाण्यात घातले होते, मी बघितलं ना! तांब्याच्या ताम्हनात, आमचा बोटभर गणपती, अमेरिकेच्या टीमसाठी. अर्ध्यापर्यंत साहेबाची टीम पुढे होती. मग जे काही झालं ते मला अजूनही समजावून सांगता येत नाही. सात मिनिटं उरली असताना बॉल हातातून सुटला आणि समोरच्यांनी उचलला. हरले. यांनी गणपती पाण्यातून काढला, पुसला, जागेवर ठेवला आणि अंघोळीला गेले. मी तशीच बसून राहिले. एका मरणाऱ्या माणसाला मी एवढ्या लांबून फसवलं होतं.

साहेब तीन आठवड्यांनी परत आला. बाप गेल्याची मेल ऑफिसात आली होती. मी नेहमीच्या वेळेला मंगफला गाडी उभी केली. तो बसला. त्याला बोलायची संधीच न देता मी सगळं ओकून टाकलं. सर, मी दर सोमवारी फोनवर स्कोअर बघत होते. तिथी, उपास, चंद्रोदय, सगळं झूट. आणि शेवटच्या वेळी तर बघायला स्कोअरसुद्धा नव्हता, मनाचं सांगितलं. तुम्ही जावं म्हणून सांगितलं.

फिंतासची पाटी दिसली तेव्हा कळलं. मी चुकून उलट्या दिशेला निघाले होते, आणि त्याने ते सांगितलंसुद्धा नव्हतं.

मग म्हणाला, "तिसऱ्या क्वार्टरनंतर बाप झोपला. माझा हात धरून. मी आवाज बंद केला आणि एकटाच शेवटपर्यंत बघितली." त्याने खिडकीची काच खाली केली. "पहाटे जागा झाला. विचारलं, कोण जिंकलं? मी म्हटलं, आपण."

मी गाडी कडेला घेतली.

"तो हसला. म्हणाला, किती? मी काहीतरी आकडा सांगितला. मग शेवटची किक कुणी मारली, म्हणून विचारलं, तेही रचून सांगितलं. अर्धा तास मी मॅच सांगत होतो, मॅडम. न झालेली. तो डोळे मिटून ऐकत होता. दुपारी गेला."

मला रडू आवरेना. साहेबाने डॅशबोर्डवरचा टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि एक स्वतः घेतला.

"मी त्याच्याशी आयुष्यात कधी खोटं बोललो नव्हतो," तो म्हणाला. "तुमच्याकडे याला पाप म्हणतात का?"

सगळा सीझन या माणसाने मला काहीही विचारलं, तरी उत्तर माझ्या तोंडावर तयार असायचं. 

"माहीत नाही, सर," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."