बाहेरच्या बाजूची जागा

त्या दुपारी मी पोहण्याच्या टँकवरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि शमीमताई येत नव्हत्या. लेडीज बॅचच्या बायका एकेक करून पाण्यात उतरल्या. उशीर करण्याचं खातं खरं तर माझं. शमीमताईंच्या यजमानांचं बुधवार पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे वेळेवरून मला ऐकवण्याचा हक्क आपल्यालाच आहे असं त्या धरून चालायच्या. म्हणून मी मनात टोमणा तयार ठेवला होता, "आज दुकानातली सगळी घड्याळं बंद पडली का?" तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, नाझनीनचा फोन आला. "मावशी, अम्मी गेली. सकाळी, झोपेतच." मी "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी गेटकडेच बघत होते.

आमची ओळखही त्याच बाकावर झाली. आमचे हे गेल्यानंतर वारज्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटी उरले. मुलगा खराडीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. टीव्हीसमोर बसून बसून गुडघे असे आखडले की देवापुढे निरांजन लावायचं तेही उभ्यानंच. डॉक्टर म्हणाले, पोहायला जा. या वयात पोहायला, आणि तेही पोशाख घालून! मी पास काढला आणि रोज येऊन नुसती बसू लागले. एके दिवशी पाण्यातून एक बुटक्या, चांगल्या आडव्या बाई निथळत बाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"नुसतं बघून गुडघे बरे होतात का हो?"

"बघू, झाले तर."

"मग पास कशाला काढलात? बाक बागेतही असतात."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी पोशाख शिवून आणला. गडद निळा, कोपरापर्यंत बाह्या, पोटरीपर्यंत पाय, अगदी त्यांच्या स्वतःच्या पोशाखासारखा. माप कधी घेतलंत, असं विचारलं तर म्हणाल्या, "रोज समोरच तर बसता." मग मात्र पाण्यात उतरण्यावाचून इलाज नव्हता.

टँकच्या काठाची दांडी धरून पाय मारण्यापासून सुरुवात झाली. आधी हात सुटला, मग भीती थोडी सुटली. काही महिन्यांत मी बसची पायरी कुणाचा आधार न घेता चढू लागले. भूक लागायला लागली, जी मी विसरूनच गेले होते. रात्री डोळा लागायचा. बॅच संपली की आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर केस वाळवत बसायचो. त्यांच्या डब्यात खजूर, माझ्या डब्यात दाण्याचे लाडू. मुलाचा रोज फोन असायचा, "सगळं ठीक ना?" "ठीक." दिवसभरात मी पूर्ण वाक्यं बोलायचे ती त्या पायऱ्यांवरच. इतकं असून आम्ही 'अहो-जाहो'वरून कधी 'तू'वर आलो नाही. तशी गरजच पडली नाही.

एक गोष्ट मात्र मला जमत नव्हती. टँकच्या निम्म्यावर तळ खोल होत जातो आणि पाणी काळपट दिसू लागतं. तिथं आले की मी घाबरून परत फिरायचे. शमीमताईंनी काही दिवस हे बघितलं. मग एकदा म्हणाल्या, "सुधाताई, तुम्ही भिंतीकडून चला. बाहेरच्या बाजूला मी आहे." आणि मी गेले. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांची निळी बाही दिसत होती, तेवढ्यावर पार पलीकडे गेले. मी दांडीला हात लावला, हातभर मागून त्याही पोचल्या आणि धापा टाकत त्यांनी विचारलं, "काय, बुडलात का?" मी म्हणाले, "नाही." त्यानंतर रोज आमचं हेच चालायचं. भिंतीकडून मी, बाहेरून त्या, आणि पलीकडे पोचल्यावर तोच प्रश्न.

त्या गेल्यावर चार-पाच दिवसांनी मी बुधवार पेठेत त्यांच्या घरी गेले. दुकानाच्या वरच घर. नाझनीननं चहा पुढे ठेवला आणि सहज म्हणाली, "मावशी, तुमची ओळख होईपर्यंत अम्मी खोल पाण्यात कधी गेलीच नव्हती. घाबरायची, अर्ध्यातून परत यायची. मग एक दिवस खुशीत घरी आली. म्हणाली, आज पलीकडे जाऊन आले. सुधाताई असतात ना बाजूला, काही झालं तर त्या धरतील मला."

मला आधी हसूच आलं. मी धरणार, त्यांना? मला बरणीचं झाकण उघडता येत नाही. म्हणजे इतके दिवस आम्ही दोघी एकमेकींच्या भरवशावर त्या काळ्या पाण्यावरून जात होतो, आणि वेळ आली असती तर दोघींपैकी एकीलाही दुसरीला वाचवता आलं नसतं... हसता हसता मला रडू आवरेना. नाझनीन बिचारी गोंधळून गेली.

नंतर कितीतरी दिवस मी टँकवर गेले नाही. मुलगा म्हणाला, "आई, आता एकटी पाण्यात उतरू नकोस. सरळ आमच्याकडे राहायला ये." त्याचं चुकत नव्हतं. पण गुडघे पुन्हा कुरकुरायला लागले, निरांजन पुन्हा उभ्यानं लागू लागलं. संध्याकाळ झाली की घर खायला उठायचं. निळा पोशाख दोरीवर वाळून कडक झाला होता, तरी तो काढून घडी घालवेना.

गेल्या आठवड्यात तोच पोशाख घातला आणि गेले. बाकावर बसले नाही. बसले असते तर बसूनच राहिले असते. निम्म्यावर पाणी काळं झालं तेव्हा डोळ्याचा कोपरा सवयीनं बाही शोधू लागला. तिथं नुसतं पाणी होतं. हात मारत राहिले. पलीकडच्या दांडीला हात लागला, तशी मी वळून थांबले. त्या नेहमी हातभर मागून यायच्या ना... थांबले. कुणी काही विचारलं नाही.

तरी मी "नाही" म्हणाले, आणि परत निघाले, भिंतीला लागून, बाहेरची जागा सोडून.