आप्पामामांच्या दोन गोळ्या

आप्पामामांनी एखादी वस्तू अख्खी खाल्लेली मी कधी पाहिली नाही. केळं असो, भाकरी असो, कुणी दिलेला पेढा असो, आधी मोडायचं आणि मोठा तुकडा धाकट्या भावाच्या, शिवामामाच्या हातात द्यायचा. वडगावच्या घरात दोघांचे माग समोरासमोर. पन्नाशी उलटलेल्या भावाला हा माणूस लेकरासारखं भरवायचा आणि आम्ही हसायचो. आता ते हसणं आठवलं की माझाच मला संताप येतो.

आप्पामामांना हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता. मी मेडिकल दुकानात कामाला, म्हणून त्यांची औषधं माझ्याकडूनच जायची. एका गोळीनं कोलेस्ट्रॉल पुरेसं उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या जोडीला दुसरी दिली. "दोन कशाला गं?" मामांनी विचारलं. काउंटरवर गर्दी होती. "दोन्ही एकाच कामाच्या आहेत मामा, घ्या गुमान," मी म्हणाले. पहिली यकृतात तयार होणारं कोलेस्ट्रॉल कमी करते, दुसरी खाण्यातून येणारं आतड्यात अडवते, हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? उभं सूत आणि आडवं सूत, दोन्ही असल्याशिवाय कापड होत नाही, एवढं म्हटलं असतं तरी त्या विणकराला कळलं असतं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट उलट वाढून आला. मी घरी जाऊन आकांडतांडव केलं, मामींना नाही नाही ते बोलले.

"मामा, चोरून खव्याचा कुंदा खाताय तुम्ही!"

"न्हाय गं बाई, बोट लावलं न्हाय," मामा म्हणाले.

"आणि गोळ्या?"

"रोज संपत्यात की. बघ पाकिटं."

पाकिटं खरंच रिकामी होती. मग मी त्यांचं तेल तोडलं, सणाची पोळीसुद्धा तोडली. महिनाभर ते बिनफोडणीचं वरण मुकाट्यानं जेवले. खोटं बोलणारा माणूस असं जेवत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसरा झटका मागावरच आला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दहावं-तेरावं झाल्यावर शिवामामा माझ्याजवळ येऊन बसला. "माझी गोळी आता कोण देणार गं?" म्हणाला. मला काही कळेना. गल्लीतल्या आरोग्य शिबिरात त्याचंही कोलेस्ट्रॉल जास्त निघालं होतं, पण हा भित्रा डॉक्टरकडे गेलाच नाही. "आप्पा रोज एक द्यायचा. मी नगं म्हटलं, तर म्हणाला, दोन्ही एकाच कामाच्या हैत, पोरीनं सांगिटलंय. मला एक बास हाय."

त्याला दिली होती ती पहिली, जुनी, खात्रीची. नवी, बिनभरवशाची त्यांनी स्वतःला ठेवली होती.

शिवामामाला मी ओढत डॉक्टरांकडे नेलं. आता त्याची स्वतःची चिठ्ठी आहे. दर महिन्याला दुकानात येतो, चांगला आलेला रिपोर्ट पुढे धरतो आणि म्हणतो, "आप्पाला जास्तीची हुती म्हणून मी वाचलो बघ." मी त्याच्याकडे न बघता गोळ्या देते. त्या दोन्ही आप्पामामांनाच लागत होत्या, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. एखाद्या दिवशी रागाच्या भरात सांगून टाकेन, याची मला भीती वाटते.