डाग काढलेलं आकाश

आमच्या हॉलमध्ये दीड फूट रुंद काळोख फ्रेम करून टांगलेला आहे. काढला मी, स्वच्छ करून आणला बाबांनी.

त्याचं असं झालं. कॉलेजचं दुसरं वर्ष लागलं, तरी माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. (मीही बोलत नव्हतो, पण ते सोडा.) तेवढ्यात विज्ञान प्रदर्शनाची सूचना लागली. वाटलं, एखादा जबरदस्त फोटो टांगावा. कुणीतरी थांबेल, विचारील, "हा तूच काढलास?" एवढं एक वाक्य मला पुरलं असतं.

म्हणून गोव्यातल्या मये गावी, आमच्या गच्चीवर, जुन्या दुर्बिणीला जुनाच कॅमेरा जोडून मी देवयानी ही सर्पिल दीर्घिका टिपायला बसलो. सोबतीला डास. अकराव्या रात्री, शेकडो फोटो एकावर एक रचल्यावर, पडद्यावर एक तिरपा, पुसट धब्बा उमटला. पंचवीस लाख वर्षं चालून आलेला प्रकाश! कुणाला तरी दाखवावा म्हणून मी वळलो. मागे पाण्याची टाकी होती.

बाबा खाणीवर ट्रक चालवतात. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी म्हणाले, "तू अभ्यास कर. फोटो मी छापून हाडतंय." संध्याकाळी डिचोलीहून आले ते थेट काचेची फ्रेम घेऊन. मी कागद सोडवला. आत काळंभोर. देवयानी नाही, एक तारासुद्धा नाही.

"फोटोवाल्याक बजावलंय," बाबा म्हणाले, "माझ्या झिलाचो फोटो असा, एक डाग रवता नये. मधलो मोठो डाग काढूक तेका अर्धो तास लागलो."

पंचवीस लाख वर्षांचा प्रवास, आणि डिचोलीत अर्ध्या तासात निकाल!

"बरो झालो," मी म्हणालो. (मूळ फाईल माझ्याकडे होती. पण पुन्हा छापायला वेळ नव्हता आणि बाबांना सांगायला तोंड नव्हतं.) सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून प्रदर्शनाला हजर. टांगणं भाग होतं.

आणि गर्दी झाली! काच अशी चकाकत होती की जो तो थांबून केस नीट करत होता. लांबून बाबा माझ्याकडे बघून मान डोलवत होते. शेवटी एक मुलगा माझ्याकडे वळला.

"हा आरसा तूच लावलास काय रे?"

"होय," मी म्हणालो.

त्याने कंगवा पुढे केला. देवयानीच्या जागी बघून मी नीट भांग पाडला.